प्रार्थना केली, पहाराही ठेवला

बायबलच्या जुन्या करारातल्या नहेम्या या पुस्तकातले ४:९ हे वचन बेळगाव-खानापूर भागातल्या घरसभांत पुन्हा पुन्हा वाचले जाते, पण बहुतेक वेळा अर्धेच. यरुशलेमाची पडकी भिंत पुन्हा बांधणाऱ्यांवर शत्रू चालून येणार अशी खबर आली आणि त्या लोकांनी देवाची प्रार्थना केली, इथवर झाले की सभा 'आमेन' म्हणते. वचन तिथे संपत नाही. त्यांनी प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही बसवला, असे त्याच दमात पुढे लिहिले आहे. हा उरलेला अर्धा भाग सुटला की माणसाची दोन्हीकडून ओढाताण होते. कुणी महिनोन्‌महिने गुडघे टेकते आणि घराचे दार सताड उघडे टाकते. कुणी दाराशी काठी घेऊन बसते आणि गुडघे टेकायला त्याला सवडच होत नाही. दोघेही थकतात.

विरोध सोसत कसे टिकावे हे शास्त्रात अनेक ठिकाणी शिकवले आहे. दानीएल आहे, पौल आणि सीला आहेत, लूकच्या शुभवर्तमानातली विधवा आहे. तरी या विषयावर एकच पुस्तक सांगा म्हटले तर नहेम्याचे तेरा अध्याय सांगावेत, असे माझे ठाम मत आहे. इथे विरोध एका रूपात येत नाही. तो आधी थट्टा होऊन येतो, मग हल्ल्याची धमकी, मग थकवा, मग आपल्याच भावाने लावलेले व्याज, मग गोड निमंत्रण, मग बदनामीचे पत्र, आणि शेवटी संदेष्ट्याच्या तोंडून. बहुतेक रूपांपुढे नहेम्याची प्रार्थना वेगळी आहे आणि प्रार्थनेनंतरचे कामही वेगळे आहे. सगळ्या अडचणींवर एकच ठरावीक प्रार्थना करणाऱ्यांनी हे पुस्तक जरूर सावकाश वाचावे.

काळ आणि जागा आधी ध्यानात घेऊ. यरुशलेमाची भिंत बाबेलच्या सैन्याने इ.स.पू. ५८६ च्या सुमारास पाडली. नहेम्या हा पारसाचा राजा पहिला अर्तहशश्त याचा प्यालेबरदार, म्हणजे राजाला मद्याचा प्याला देणारा सेवक. राहणार शूशन राजवाड्यात, म्हणजे आजच्या इराणमधल्या शूश गावी. पुस्तकातले 'विसावे वर्ष' म्हणजे साधारण इ.स.पू. ४४५. भिंत पडून एकशेचाळीस वर्षे होत आली होती. एज्रा या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात आणखी एक गोष्ट आहे, ती बरेच जण वाचायची विसरतात: भिंतीचे काम मधे एकदा सुरू झाले होते, आणि ते बंद पाडण्याचा हुकूम याच अर्तहशश्ताने दिला होता. ज्या राजाने काम थांबवले त्याच्याच पुढे जाऊन ते सुरू करण्याची परवानगी मागायची होती. त्या जुन्या हुकमात एक फट मात्र होती: 'माझ्याकडून पुन्हा आज्ञा होईपर्यंत' अशा अर्थाचे शब्द एज्रा ४:२१ मध्ये आहेत.

पडकी भिंत म्हणजे काय हे बेळगावकरांना वेगळे सांगायला नको. १३व्या शतकात रट्टांच्या काळात उभारलेला किल्ला आणि त्याचा खंदक रोज डोळ्यांसमोर आहे. तट भक्कम, खंदक खोल, पण दरवाजा जळून गेला तर दोन्हींचा उपयोग शून्य. मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी यरुशलेमाच्या दरवाजांना 'वेस' म्हटले, ते मला फार नेमके वाटते. मेंढेवेस, मत्स्यवेस, खोरेवेस, उकिरडावेस. वेस आहे तर गावाला हद्द आहे. त्या काळी न्यायनिवाडाही वेशीत बसून होई. म्हणून नहेम्याचा भाऊ हनानी याने यरुशलेमाची जी बातमी शूशनला आणली तिच्यात भिंत पडल्याइतकेच वेशी जळाल्याचेही दुःख आहे.

बातमी ऐकून नहेम्या खाली बसला, रडला, काही दिवस उपास करून प्रार्थना करत राहिला. पहिल्या अध्यायातली प्रार्थना ५ ते ११ अशी सात वचनांची. सावकाश, मोठ्याने वाचली तरी दोन-तीन मिनिटांत संपते. पण ती चार महिन्यांचा अर्क आहे. बातमी आली किसलेव महिन्यात, आपल्या मार्गशीर्षाच्या आसपास. राजाशी बोलणे झाले नीसानात, आपल्या चैत्राच्या सुमारास.

या सात वचनांची बांधणी बघण्यासारखी आहे. पाचव्या वचनात देव कोण आहे एवढेच: थोर, भयावह, करार पाळणारा. सहा-सातमध्ये पापकबुली, आणि तीही 'त्यांनी' नव्हे, 'मी आणि माझ्या बापाच्या घराण्याने'. भिंत पडली तेव्हा हा माणूस जन्मालाही आला नव्हता. आठ-नऊमध्ये देवाने मोशेला दिलेले वचन देवासमोरच मांडले आहे: तुम्ही फिराल तर दूर विखुरलेल्यांनाही मी गोळा करीन. दहाव्यात, हे लोक तुझेच आहेत. अकराव्या वचनाच्या निम्म्यात मागणे येते, आणि ते किती नेमके! 'आज' आणि 'या मनुष्यापुढे'. सात वचनांत मागणे जेमतेम अर्धे वचन. आपल्याकडे प्रमाण नेमके उलटे असते, आणि मागणेही 'सगळ्यांना आशीर्वाद दे' असे मोघम. मोघम मागण्याचे उत्तर आले तरी ओळखता येत नाही. मग 'देव ऐकत नाही' अशी तक्रार सुरू होते.

अशी प्रार्थना स्वतःसाठी लिहून काढायची तर साधी रेघांची वही पुरे. एका पानावर पाच भाग पाडा. वर देवाचे गुण, चार-पाच ओळी. खाली कबुली, 'आम्ही' लावून. त्यात दुसऱ्या कुणाचे पाप लिहायचे नाही. मग एकच अभिवचन, अध्याय आणि वचन यांच्या आकड्यांसह. मग ज्यांच्यासाठी मागतो आहोत त्यांची नावे. सगळ्यात शेवटी एकाच वाक्यात मागणे: कुणापुढे, केव्हा, काय. हे एका बैठकीत जमत नाही. पहिल्या दिवशी लिहिलेले मागणे आणि पंधराव्या दिवशीचे मागणे ताडून बघा. बहुतेकदा पहिल्यात राग असतो आणि पंधराव्यात काम असते. पहिले पान फाडून टाकू नये.

उपासाविषयी थोडे खुलासेवार लिहायला हवे, कारण यात चुका होतात आणि त्या अंगावर येतात. नहेम्याने 'काही दिवस' उपास केला. चार महिने नव्हे. पुढच्या बांधकामात तर उपासाचा उल्लेखच नाही, कारण दगड उचलणाऱ्याला भाकरी लागते. रोप लावणीच्या किंवा भांगलणीच्या दिवसांत दिवसभर वाकून काम करणाऱ्या बायकांना शुक्रवारचा पूर्ण उपास धरायला लावणे बरोबर नाही. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणारे, गरोदर, अंगावर पाजणाऱ्या आणि आजारातून उठलेले यांनी जेवण सोडू नये; एखाद्या वेळचा टीव्ही किंवा मोबाइल सोडून तो तास प्रार्थनेला द्यावा. उपास करणाऱ्याने पाणी तोडू नये, आणि सोडताना तळलेल्यावर तुटून न पडता नाचणीची आंबील किंवा पातळ भात घ्यावा. उपास देवाला वाकवण्यासाठी नसतो. भूक लागली की आपण कशावर उभे आहोत ते आपल्यालाच कळते.

दुसऱ्या अध्यायातली प्रार्थना तर एका श्वासाची. राजाने विचारले, 'तुझे मागणे काय?' नहेम्या लिहितो की मी स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली आणि राजाला म्हणालो. प्रश्न आणि उत्तर यांच्या मधल्या फटीत ती प्रार्थना बसली आहे. राजापुढे उदास चेहऱ्याने उभे राहणेच धोक्याचे होते. आपण फार घाबरलो होतो असे तो स्वतःच सांगतो. पण उत्तर देताना त्याची जीभ अडखळली नाही. परत यायची मुदत सांगितली, फरात नदीपलीकडच्या अधिकाऱ्यांच्या नावे पत्रे मागितली, राजाच्या वनाचा राखणदार आसाफ याच्या नावे लाकडाचे पत्र मागितले, आणि लाकूड कशाला तेही सांगितले: मंदिराजवळच्या गढीच्या वेशींच्या तुळया, नगराची भिंत आणि स्वतःचे घर. चार महिने तो गुडघ्यांवर होता आणि त्याच चार महिन्यांत हा सगळा हिशेबही चालला होता, हे या यादीवरूनच दिसते. एका श्वासाची प्रार्थना त्यालाच साधते ज्याने आधी लांब प्रार्थना केली आहे. तहसीलदार कचेरीत खिडकीपुढे उभे राहिल्यावर 'प्रभू, मदत कर' म्हणायचे आणि उताऱ्याची प्रत घरीच विसरायची, यात नहेम्याचा कित्ता कुठेही नाही.

यरुशलेमात पोचल्यावर तीन दिवस तो गप्प. मग रात्री, मोजकी माणसे आणि एकच जनावर घेऊन पाहणी. एका ठिकाणी तर ढिगाऱ्यामुळे जनावरालाही वाट मिळाली नाही. 'देवाने माझ्या मनात काय घातले ते मी कुणाला सांगितले नव्हते,' असे २:१२ सांगते. आमच्या प्रार्थनासभांना या वचनाची फार गरज आहे. प्रार्थनेची विनंती म्हणून सांगितलेली घरातली गोष्ट संध्याकाळपर्यंत गल्लीच्या टोकाला पोचलेली असते, आणि विरोध करणाऱ्याला ती आपल्याआधी कळते. विनंती सांगताना नाव आणि तपशील यांतले एकच सांगावे. दोन्ही फक्त अशा दोघा-तिघांना सांगायचे, जे ऐकून मुके राहू शकतात.

तिसरा अध्याय नुसत्या नावांचा म्हणून ओलांडला जातो. मला तो फार आवडतो. चाळीसच्या आसपास तुकड्या, आणि प्रत्येकीला भिंतीचा नेमका पट्टा. सोनार आहेत, गंधी आहेत, याजक आहेत, आणि शल्लूम आपल्या मुलींसह दगड रचतो आहे. जानोहच्या लोकांनी खोरेवेस बांधून शिवाय हजार हात भिंत पुरी केली. एक हात सुमारे ४५ सेंटिमीटर धरला तर जवळजवळ साडेचारशे मीटर. तकोवकर (नंदगडकर, हलगेकर म्हणावे तसे हे नाव आपल्या कानाला अगदी ओळखीचे लागते) यांच्यातल्या बड्या लोकांनी कामाला मान वाकवली नाही, असे ३:५ मध्ये आहे. आणि ३:२७ मध्ये त्याच तकोवकरांनी दुसरा पट्टाही बांधला. आपल्या गावचे पुढारी आले नाहीत म्हणून ते रुसून बसले नाहीत. अनेकांना आपापल्या घरासमोरचाच पट्टा दिला होता, हेही लक्षात ठेवण्यासारखे. ज्याच्या दारासमोर भगदाड आहे तो दगड नीट बसवतो. प्रार्थनेची वाटणी करतानाही हेच धरावे: ज्या घरात दारूचे दुःख आहे त्या घराला त्या विषयाची प्रार्थना चालवू द्यावी.

आता थट्टा. चौथ्या अध्यायात या कामाचा मुख्य विरोधक सनबल्लट एकामागून एक प्रश्न फेकतो: हे दुबळे यहूदी काय करणार, एका दिवसात पुरे करणार काय, जळलेल्या दगडांना जीव आणणार काय? त्याचा साथीदार तोबीया म्हणतो, कोल्हा चढला तरी ही भिंत ढासळेल. थट्टेत नेहमी थोडे खरे असते, म्हणूनच ती लागते. यरुशलेमाचा दगड चुनखडीचा. चुनखडी आगीत सापडली की तिचा चुना होतो आणि दगड भुगा व्हायला लागतो. आपल्याकडचा जांभा बरोबर उलटा: खाणीतून काढला तेव्हा कुऱ्हाडीने तासता येतो आणि वाऱ्या-उन्हात घट्ट होत जातो. आपल्या चिऱ्यांची सवय असलेल्या वाचकाला जळका दगड ही केवढी अडचण होती ते चटकन कळत नाही. ढिगाऱ्यातला प्रत्येक दगड ठोकून बघावा लागणार. खणखणीत वाजला तर भिंतीत, बद्द वाजला तर बाजूला.

नहेम्याने या थट्टेला उत्तर दिले नाही. दुसऱ्या अध्यायात एकदा दिले होते, तेवढे पुरे. इथे त्याने अपमान उचलून देवापुढे ठेवला, आणि पुढच्याच वचनात भिंत निम्म्या उंचीपर्यंत जुळली आहे. त्या प्रार्थनेचे शब्द कडक आहेत. यांचे पाप झाकू नको, असे तो म्हणतो. काही जण हेच शब्द शेजाऱ्याचे नाव घेऊन सभेत म्हणतात. तसे करू नये. वैऱ्यांसाठी प्रार्थना करा अशी प्रभूची आज्ञा मत्तय ५:४४ मध्ये आपल्याला आहे. नहेम्याकडून घ्यायचे ते एवढेच, की राग देवापाशी बोलून मोकळा करायचा आणि हातातली थापी खाली ठेवायची नाही. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ४ मध्ये धमकी मिळालेली मंडळी हेच करते. पेत्र आणि योहान सुटून येतात, सगळे स्तोत्रसंहितेतले दुसरे स्तोत्र म्हणतात आणि मागतात काय? धमक्या बंद होवोत असे नव्हे. 'त्यांच्या धमक्यांकडे पाहा आणि आम्हाला धैर्याने बोलू दे.'

पण माझ्या मते चौथ्या अध्यायातले सगळ्यात धोक्याचे वचन दहावे आहे. भिंत निम्मी झाली आहे, आणि यहूदाचे आपलेच लोक म्हणतात: ओझेकऱ्यांची ताकद संपली, ढिगारा फार, आमच्याने होणार नाही. सनबल्लटाला जे जमले नाही ते ढिगाऱ्याने केले. सुरुवातीला उत्साह असतो, शेवटी टोक दिसते. अर्ध्यावर दोन्ही नसतात. अशा वेळी 'विश्वास वाढवा' असे भाषण करून भागत नाही. ढिगारा हलवला नाही तर पाया मोकळा होत नाही, आणि मोकळ्या पायाशिवाय दगड बसत नाही. प्रार्थनेतला ढिगारा म्हणजे न मागितलेली माफी, न फेडलेले उसने, वर्षभर न उचललेला भावाचा फोन. वहीच्या मागच्या पानावर अशा गोष्टींची यादी करा आणि आठवड्याला एकच उचला. सगळे एका रविवारी आटपू पाहणारा दुसऱ्या रविवारी सभेला येत नाही.

अकराव्या-बाराव्या वचनात अफवा आहेत. शत्रूच्या शेजारी राहणारे आपलेच लोक दहादा येऊन सांगतात, ते सगळीकडून चालून येणार. यावर नहेम्याची तजवीज अशी. भिंत जिथे सखल आणि उघडी, तिथे माणसे उभी केली, आणि कुटुंबाकुटुंबाने उभी केली. निम्मे काम करत, निम्मे भाले धरत. ओझेकऱ्यांच्या एका हातात काम, दुसऱ्यात हत्यार. गवंड्याला दोन्ही हात लागतात, म्हणून त्याची तलवार कमरेला. कर्णा वाजवणारा एकच आणि तो नहेम्याच्या बाजूला, कारण माणसे भिंतीवर लांब लांब पांगलेली होती. कर्णा ऐकाल तिकडे धावा. पहाटेपासून तारे दिसेपर्यंत काम, आणि रात्री मुक्काम नगरातच.

हे आपल्या मंडळीत कसे उतरते? संकटाचा निरोप द्यायला एकच माणूस ठरवा. पाच जण पाच गटांत संदेश टाकतात तेव्हा रात्री अकरा वाजता सगळे जागे होतात आणि दवाखान्यात कुणीच पोचत नाही. साखळी प्रार्थना ठेवायची तर एकेका घराला अर्धा तास द्या, एक तास नको. आणि पहाटे तीन-चारची पाळी शेतावर किंवा कारखान्यात जाणाऱ्यावर टाकू नका. पाळ्या घरानिहाय लावा. एकटा माणूस झोपी जातो; नवरा-बायको असली की एक जण दुसऱ्याला उठवतो.

पाचवा अध्याय वाचताना थांबायला होते. बाहेरचा शत्रू इथे नाहीच. लोक रडत येतात: शेते गहाण पडली, राजाचा कर भरायला कर्ज काढले, मुली दासी झाल्या, आणि सावकार आपलेच भाऊ. नहेम्या संतापला, 'मनाशी विचार केला', आणि थेट सभा भरवली. ध्यानात घ्या, या निर्णयाआधी प्रार्थना नोंदलेली नाही. प्रत्येक वळणावर प्रार्थना लिहिणारा माणूस इथे म्हणतो, आजच परत करा: शेते, द्राक्षमळे, जैतुनाचे मळे, घरे, आणि घेतलेला शतांश. शतांश म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते दरमहा शेकडा एक. आपल्याकडच्या गावात 'शेकडा तीन', 'शेकडा पाच' सर्रास बोलले जाते, त्यापुढे हा दर किरकोळ वाटेल, आणि तरी नहेम्याला तो असह्य झाला. महिला संघाचे आणि खासगी वित्तसंस्थांचे हप्ते सीमाभागातल्या किती घरांच्या मानेवर आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत कर्नाटक सरकारला सूक्ष्मकर्जाच्या जबरी वसुलीविरुद्ध अध्यादेश काढावा लागला. अशा वेळी त्याच मंडळीतला एखादा व्याजाने पैसे लावत असेल आणि कर्जदार बाईसाठी सभेत डोळे मिटून प्रार्थनाही करत असेल, तर ती प्रार्थना त्याने आधी व्याज सोडून मग करावी. जे आपल्या हातात आहे ते देवाकडे मागणे म्हणजे टाळाटाळ. नहेम्याने स्वतः बारा वर्षे सुभेदाराचा भत्ता घेतला नाही, आणि रोज दीडशे माणसे त्याच्या पंगतीला असत. म्हणून त्याच्या शब्दाला वजन होते.

सहावा अध्याय. भिंत झाली, वेशींची दारे तेवढी राहिली. आता सनबल्लटाचे निमंत्रण येते: ओनोच्या मैदानात भेटू. ओनो यरुशलेमापासून चाळीस किलोमीटरच्या आसपास. जाऊन-येऊन दोन-तीन दिवस कामाचे गेले असते, जीव वाचलाच तर. चार वेळा बोलावणे, चारही वेळा तेच उत्तर: मी मोठ्या कामात आहे, मला खाली येता येत नाही. उत्तरात नवा शब्द घातला नाही, खुलासा केला नाही. पाचव्यांदा उघडे पत्र आले. पत्र मोहोरबंद पाठवण्याची तेव्हा रीत होती. उघडे पाठवले म्हणजे वाटेत प्रत्येकाने वाचावे हाच हेतू. नहेम्या राजा व्हायला निघाला आहे, असा त्यात आरोप. आजच्या गटात टाकलेल्या संदेशाचे हेच काम असते. नहेम्याने एका ओळीत नाकारले: असे काही नाही, हे तू मनचे रचतोस. मग एका ओळीची प्रार्थना: आता माझे हात बळकट कर. 'त्याची जीभ बंद कर' असे त्याने मागितले नाही. बदनामीला शंभर ओळींचे उत्तर लिहायला बसलेल्याने ही दोन वाक्ये आधी वहीत उतरवावीत आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा.

त्यानंतर शमाया नावाचा संदेष्टा. तो देवाच्या नावाने सांगतो, मंदिरात लपू या, रात्री तुला मारायला येणार आहेत. नहेम्याने ओळखले ते कसे? मंदिराच्या आत जायचा अधिकार याजकांचा. तो याजक नव्हता. देव आपलेच नियमशास्त्र मोडायला सांगणार नाही. 'देवाने मला दाखवले' असे म्हणत कुणी सल्ला दिला तर त्याला हीच कसोटी लावावी: तो शास्त्राविरुद्ध आहे का, आणि तो फक्त भीती वाढवतो का? शमायाला पैसे चारले होते, हे नंतर कळले. कसोटी लावायला तेवढे कळण्याची वाट बघावी लागली नाही.

चिकाटीबद्दल बोलताना लूक १८ टाळता येत नाही, पण त्याचा उलटा अर्थ लावला जातो म्हणून दोन ओळी. विधवा अन्यायी न्यायाधीशाच्या पाठीस लागते आणि तो कंटाळून न्याय देतो. देव त्या न्यायाधीशासारखा आहे, त्याला कंटाळवावे लागते, असे सांगणारे चुकतात. असा माणूसही अखेर ऐकतो, तर देव आपल्या निवडलेल्यांचे किती अधिक ऐकेल, असा तो दृष्टांत आहे. विधवेकडून घ्यायचे ते तिचे पुन्हा पुन्हा येणे.

बावन्न दिवसांत, अलूल महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी भिंत पुरी झाली. मागे मोजत गेले तर ते दिवस ऑगस्ट-सप्टेंबरचे येतात. तिकडे कोरडे कडक ऊन, आपल्याकडे पावसाची झड. मंडळीला हे बावन्न दिवस पाळायचे असतील तर ४ ऑगस्टला सुरू करून २४ सप्टेंबरला संपवावेत. लावणी बहुतेक उरकलेली असते आणि संध्याकाळी माणसे घरी असतात. पहिले सात दिवस पहिल्या अध्यायाच्या प्रार्थनेतले रोज एक वचन. पुढचे तीन दिवस सभा नाही, बोलणे नाही. प्रत्येकाने आपल्या घराची आणि मंडळीची भगदाडे पाहून लिहायची. अकराव्या दिवशी वाटणी. सव्विसाव्या दिवशी, म्हणजे २९ ऑगस्टला, ४:१० वाचून थकलेल्यांची चौकशी, घरी जाऊन. पाचव्या अध्यायाला पूर्ण आठवडा द्या, कारण पैसे परत करायला दिवस लागतात. त्रेपन्नाव्या दिवशी ६:१७ ते १९ वाचा: भिंत पुरी झाल्यावरही यहूदाच्या सरदारांची तोबीयाशी पत्रापत्री चालूच होती. तेराव्या अध्यायात तर त्याला मंदिरातच खोली मिळाली आहे.

आणि मग आठवा अध्याय, एका रविवारी पूर्ण. पाणीवेशीसमोरच्या चौकात पहाटेपासून दुपारपर्यंत शास्त्री एज्राने मोशेचे नियमशास्त्र वाचले आणि लेवींनी, म्हणजे मंदिराच्या सेवेतल्या वंशाच्या लोकांनी, ते लोकांना उलगडून सांगितले. आपल्या भागात हे सोपे आहे. एकाच बाकावर मराठी आणि कन्नड बायबल असते. मराठीत एक उतारा वाचावा, लगेच कन्नडमध्ये कुणी समजावून सांगावा, आणि पुढच्या उताऱ्याला अदलाबदल. वयस्कांना भिंतीला टेकायला जागा, लहान मुलांना दर तासाला बाहेर मोकळीक. दुपारी जेवण. ८:१० मध्ये सांगितले आहे की ज्यांच्या घरी काही तयार नाही त्यांना वाटे पाठवा. म्हणून पंगत बसण्याआधी डबे भरावेत, आणि ते घेऊन कुणी कुठल्या घरी जायचे याची यादी आदल्या रात्रीच करून ठेवावी.